साडेचार तासांचं आमरण उपोषण

हसायचं असेल तर आत्ताच काय ते हसून घ्या, कारण पुढचं सगळं मी फार गंभीरपणे सांगणार आहे. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. कोणाची गाडी चुकते, कोणाचं लग्न चुकतं. माझं तर मरणच चुकलं. माझ्या सहीनं, सरकारी कचेरीत, गोल शिक्क्यासकट ते दाखल झालं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

गावाचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. ज्या साहेबांची ही गोष्ट आहे ते अजून नोकरीत आहेत, आणि मला अजून त्या ऑफिसात जावं लागतं.

तसं माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. पण अक्षर बरं. त्या एका गुणापायी पंचवीस वर्षांपूर्वी युनियनवाल्यांनी मला धरलं ते आजतागायत सोडलं नाही. अंगणवाडीच्या ताई असोत की ग्रामपंचायतीचे शिपाई, कोणाचंही गाऱ्हाणं आलं की निवेदन मधुभाऊनं लिहायचं. मोर्चात पुढं चालणारे वेगळे, जोरदार भाषण ठोकणारे वेगळे. मी मागचा. कागदवाला. पोलिसांनी लाठी उगारली की सगळ्यात आधी निवेदनाची फाईल सुरक्षित जागी न्यायची जबाबदारी माझी, आणि ती मी दर वेळी फार वेगानं पार पाडली आहे.

शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बायांचीही आमची युनियन आहे. त्यातल्याच एक रेणुकाबाई. रस्ता संपतो त्याच्याही पुढच्या गावातली गोंड बाई. अकरा वर्षं त्याच शाळेत चुलीपुढं बसलेली. बोलणं अगदी कमी. एकदा तांदळाच्या पोत्यात अळ्या निघाल्या. दुसरी कोणी असती तर गाव डोक्यावर घेतलं असतं. रेणुकाबाईनं काय केलं? अळ्यांचे तांदूळ सुपात घेतले आणि सूप शाळेच्या पायरीवर नेऊन ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तोंडातून शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. कागद नाही, पत्र नाही. तिच्या चुलीपुढं दुसरीच बाई बसली.

गटशिक्षणाधिकारी साहेबांकडं आम्ही तीन वेळा गेलो. साहेब नवे, लांबच्या कुठल्याशा मोठ्या शहरातले, बोलायला लोण्यासारखे. "बघतो, बघतो," म्हणायचे. बघण्यात दोन महिने गेले. शेवटी आमच्या जिल्हा सचिव उषाताई यवतमाळहून एसटीनं आल्या, मीटिंग घेतली आणि ठरलं, पंचायत समितीसमोर सोमवारी एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण. बसायचं मी, कारण नेहमी बसणाऱ्या नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

आंदोलनाचा अनुभव नसलेल्यांसाठी सांगतो. लाक्षणिक उपोषण म्हणजे सकाळी तर्री-पोहे हाणून अकराला बसायचं आणि पाचला आलुबोंडा खाऊन उठायचं. दोन नाश्त्यांच्या मधली विश्रांती. तेवढ्या वेळात घोषणा द्यायच्या, म्हणजे पोहे जिरतात.

आमच्या युनियनची अध्यक्ष कौसल्यामाय. साठीची बाई, आवाज असा की माइकवाल्याचा धंदा बसावा. तिनं मीटिंगमध्येच विचारलं, "लाक्षणिक म्हणजे काय वो भाऊ?"

"म्हणजे माय, उपोषणाची लक्षणं दिसली पायजे. उपोषण असलं नसलं तरी चालते."

"मंग तुमाले जमते," ती म्हणाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता झेरॉक्सच्या दुकानात चला.

तहसीलसमोर गजूचं झेरॉक्सचं दुकान आहे. तालुक्यातल्या तमाम अन्यायाची सुबक छपाई तिथंच होते. गजूच्या कॉम्प्युटरमध्ये आमची पंचवीस वर्षांची निवेदनं पडून आहेत. कोणी नवीन लिहीत बसत नाही. मागचं उचलायचं, नाव बदलायचं, तारीख बदलायची, मागणी बदलायची. अन्याय तसाच असतो, मजकूर कशाला बदलायचा?

गजूनं विचारलं, "मधुभाऊ, मागचंच उचलू काय? नाव, तारीख, मागणी बदलवतो."

"बदलव," मी म्हटलं.

मी तेव्हा फोनवर होतो. दारव्ह्याच्या एका शिंपीणबाईच्या मशीनची सुई तुटून राहिली होती आणि ती मला फोनवरच मशीनचा आवाज ऐकवत होती. एका कानानं मी खटखट ऐकतोय, एका हातानं चार प्रतींवर सह्या करतोय. सही माझी झोकदार. खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. समोर पंचायत समितीच्या ऑफिसात गेलो, आमच्या प्रतीवर पोच घेतली, गोल शिक्का घेतला, फोटो काढून युनियनच्या ग्रुपवर टाकला. बायांनी धडाधड लाल झेंडे, मुठी आणि जोडलेले हात अशी चित्रं पाठवली. मी मनात म्हटलं, आज काही तरी जास्तच प्रेम उतू चाललं आहे.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"पोलीस ठाण्यातून बोलून राह्यलो, गोपनीय शाखेवाला. सोमवारी आमरण उपोषणाले बसणारे मधुकरराव तुमीच काय?"

"मीच. पण आमरण नाही, लाक्षणिक."

"इथं तर आमरण लिवलं हाय. वाचून दाखवू काय? 'प्राण गेला तरी मागे हटणार नाही. होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील.' सही तुमचीच हाय न? खाली दोन रेघा, दोन टिंबं?"

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"साहेब, काहीतरी घोटाळा—"

"घोटाळा काहून? लय बेस लिवलं. वजन किती हाय तुमचं? वर कळवा लागते."

"ब्याऐंशी."

पलीकडं त्यानं आकडा लिहून घेतला. मग तो आपुलकीनं म्हणाला, "मंग काही टेन्शन नाही भाऊ. पंधरा दिवस तं तुमाले काहीच होत नाही. साठा हाय."

मी कागद काढून पाहिला. गजूनं इमानदारीनं नाव, तारीख आणि मागणी बदलली होती. बाकी निवेदन नानांच्या जुन्या आमरण उपोषणाचं. आमचे नाना म्हणजे काडी पैलवान. आठ दिवस उपाशी बसले तरी आधीचे आणि नंतरचे नाना वेगळे ओळखता येत नसत. त्यांच्या मापाचं मरण मी अंगात घातलं होतं.

उषाताईंना फोन लावला. बाई शिस्तीची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मधुभाऊ, सही करायच्या आधी कागद वाचावा, हे आपण कामगारांना शिकवतो ना?"

"हो ताई."

"मालकानं पुढं केलेल्या कागदावर डोळे मिटून सही करू नका, असं?"

"हो."

"इथं तर मालकही नव्हता."

शेवटी असं ठरलं की मी एक शुद्धिपत्र लिहायचं, 'आमरण ऐवजी लाक्षणिक असे वाचावे', आणि सोमवारी सकाळी ऑफिसात देऊन टाकायचं. मी ते त्याच दिवशी लिहिलं. इतकं मनापासून मी आयुष्यात काही लिहिलं नसेल.

पण शनिवारी, बाजाराच्या दिवशी, रेणुकाबाई दुकानात आल्या. हातात पिशवी. पिशवीत सीताफळं. त्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या. मी एक मशीन उलटं करून बसलो होतो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ग्रुपवर वाचलं. कौसल्यामायनं समजून सांगतलं. माह्यासाठी तुमी मराले बसून राह्यले म्हणून."

"तसं नाही रेणुकाबाई, ते जरा—"

"माह्या घरचा माणूसबी माह्यासाठी कवा एक टाइम उपाशी राह्यला नाही."

सीताफळांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. एवढंच.

आता तुम्हीच सांगा, शुद्धिपत्र देणार कुठल्या तोंडानं? ते मी फाडलं आणि मग सीताफळं खाल्ली. दोन्ही कामं डोळ्यांत पाणी आणून केली. सीताफळं मात्र गोड होती, खोटं कशाला बोलू.

उषाताईंना फोनवर तसं कळवलं. घरी सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता थांबली.

"आमरण? तुमी?"

"हो."

"एकोणतीस वर्षं झाले, उपास माहा अन् फराळ तुमचा, असं चाललं आपलं. आज काय झालं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. माझी अडचण तात्त्विक होती. मी पडलो नास्तिक. धार्मिक माणसाला निदान सराव असतो. एकादशी, चतुर्थी, श्रावण सोमवार करून करून पोट तयार झालेलं असतं. माझ्या पोटाला विचारधारेनं आयुष्यभर मोकळं सोडलं होतं.

सोमवारी सकाळी मी सहा पोळ्या, वांग्याची भाजी, वर दहीभात आणि त्यावर दोन केळी एवढा पाया घालून घराबाहेर पडलो. बायकोनं दारातून सांगितलं, "मरायचं ठरलंच तर आधी फोन करजा. कुकर लावत नाही."

पंचायत समितीसमोर मंडप तयार होता. चाळीस-पंचेचाळीस बाया आल्या होत्या. वणीच्या खाण कामगारांनी खास आमच्यासाठी त्यांचा झेंडा पाठवला होता. कोळशाच्या खाणीच्या मापाचा झेंडा तो, आमचा मंडप चार बांबूंचा. वारा आला की मंडप झेंड्याच्या मागं मागं जाई. सरकारी डॉक्टर आले, वजन केलं, रक्तदाब पाहिला, नाडी पाहिली, आणि जाताना माझ्या पोटाकडं अशा नजरेनं पाहिलं ज्या नजरेनं सावकार चांगल्या पिकाकडं पाहतो.

अकरा वाजता उपोषण सुरू झालं. रेणुकाबाई माझ्या उजव्या बाजूला बसल्या.

बारापर्यंत मी भाषण केलं. साडेबारापर्यंत घोषणा दिल्या. एक वाजता आवाज बसला आणि सव्वाला पोटाचा आवाज सुरू झाला. तो थेट माइकमधून जात होता म्हणून उषाताईंनी माइक लांब सरकवला.

दोन वाजता बायांनी डबे काढले. बिचाऱ्यांनी माझा मान राखला. माझ्यासमोर खायचं नाही म्हणून सगळ्या मागं कडुनिंबाखाली गेल्या. पण वारा कोणत्या बाजूनं वाहतो हे कोणी पाहिलं होतं का? झुणका आला. हिरव्या मिरचीचा ठेचा आला. कोणीतरी भरल्या वांग्याचं झाकण काढलं, तेव्हा तर मला डोळ्यांपुढं वांगं दिसलं, देठासकट. रोज दीडशे दीडशे पोरांचं शिजवणाऱ्या बाया त्या. चाळीस डबे एकाच वेळी उघडले. जगाच्या इतिहासात कोणत्याही उपोषणकर्त्यावर असा हल्ला झाला नसेल. लाठीमार परवडला.

सव्वातीनला उषाताई म्हणाल्या, "आम्ही शेजारी तहसीलदारांना एक प्रत देऊन येतो. मधुभाऊ, तुम्ही हलायचं नाही." रेणुकाबाई अर्जदार म्हणून त्यांच्यासोबत गेल्या. बाकीच्या बायाही घोषणा देत मागं गेल्या. माझ्या राखणीला कौसल्यामाय ठेवली होती. ती डब्यावरून नुकतीच आली होती. खांबाला टेकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली.

आणि ऑफिसच्या पायऱ्यांवरून साहेब उतरले.

पांढरा शर्ट, चेहऱ्यावर काळजी. मागं शिपाई. शिपायाच्या हातात स्टीलचं ताट, ताटात काचेचा ग्लास, ग्लासात मोसंबीचा रस. त्यात बर्फाचा एक खडा. खडा काचेला लागून किण्ण वाजला तो मला अजून ऐकू येतो. त्यांच्या मागं मोबाइलवर बातम्या काढणारा आमच्या गावचा पत्रकार होता, पण ते मला नंतर फोटोत कळलं. त्या वेळी मला ग्लासाच्या अलीकडचं आणि पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

साहेब माझ्या शेजारी सतरंजीवर बसले. खाली, मांडी घालून.

"मधुकरराव, काय हे? या वयात?"

"मागणी आहे साहेब," मी म्हटलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"मागणीचं बघू हो. बघणारच आहोत. पण तब्येत आधी. घशाला किती कोरड पडली आहे बघा."

त्यांनी ग्लास उचलला आणि माझ्या ओठाशी नेला. स्वतःच्या हातानं.

मित्रहो, माझा गुन्हा नीट समजून घ्या. उपोषण रस घेऊन सुटतं हे मला माहीत नव्हतं, असं नाही. पंचवीस वर्षं लोकांची उपोषणं सुटताना मी पाहिली आहेत. कित्येकदा तो रस मी स्वतः गाड्यावरून आणला आहे. आधी लेखी पत्र, मग साहेबाच्या हातून रस, मग फोटो, हा क्रम मला झोपेत विचारा. पण त्या क्षणी मी कॉम्रेड नव्हतो. मी फक्त एक घसा होतो.

एका दमात प्यालो. तळाशी गेलेला बर्फाचा खडाही चावून खाल्ला.

"धन्यवाद," साहेब म्हणाले, उभे राहिले, पँट झटकली. "उपोषण सुटलं." आणि आत निघून गेले.

ग्लास रिकामा झाला तसा मी भानावर आलो. कौसल्यामायही जागी झाली. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मिशीला लागलेल्या रसाकडं पाहिलं.

"भाऊ, काय पेले तुमी?"

मी मिशी पुसली. तिच्या पदराला बांधलेला फोन वाजला. मग माझा. बातमी अख्ख्या तालुक्यात गेली होती. फोटोत मी डोळे मिटून, मान वर करून, वासरागत पीत होतो, आणि साहेब आईच्या मायेनं पाजत होते. वर लिहिलं होतं, 'गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हस्ते रस घेऊन मधुकररावांचे आमरण उपोषण अखेर मागे'.

तहसीलकडून बाया परत येत होत्या. आता घोषणा बंद होत्या. पंचेचाळीस बाया न बोलता चालत येतात तेव्हा कसं वाटतं, देवानं तुम्हाला ते दाखवू नये. मी नास्तिक आहे, तरी म्हणतो.

उषाताईंनी हात पुढं केला. "पत्र?"

"पत्र नाही ताई."

"तोंडी आश्वासन?"

"बघतो म्हणाले."

"मग प्यालात कशाला?"

मी रिकाम्या ग्लासाकडं बोट दाखवलं. त्याच्याशिवाय माझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता.

मागून एक बाई बोलली, "आमच्या शाळेतलं पहिलीचं पोरगंबी याच्यापेक्षा जास्त टाइम थांबते न माय, खिचडीसाठी."

"किती वाजता बसलते?" दुसरीनं विचारलं.

"अकराले."

"मंग साडेचार घंटे. बकरीबी इतके घंटे चरल्याबिगर राह्यते."

कौसल्यामायनं कपाळाला हात लावला. "अन् मी म्हणत होती, भाऊचा फोटो शाळेच्या भिंतीवर लावू. हार घालू."

मी खाली पाहत होतो. रेणुकाबाईंकडं पाहायची हिंमत नव्हती. उपोषण सुटलं होतं. नवीन उपोषणाला परत निवेदन, परत सात दिवसांची नोटीस, आणि तोवर त्या चुलीपुढची दुसरी बाई कायमची झाली असती. हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही.

पण त्या जवळ आल्या. माझ्याशी नाही, उषाताईंशी बोलल्या.

"ताई, एक इच्यारू? रस कवा पाजतात?"

"मागणी मान्य झाली की पाजतात, रेणुका."

"त्याच्या आंधी?"

"आधी नाही पाजत."

"कोणीच नाही?"

"नाही."

रेणुकाबाईंनी ऑफिसकडं बोट केलं. "साहेबानं तं पाजला. सोताच्या हातानं. साऱ्यांनी पाह्यलं." आणि मग अगदी हळू, "मंग माहं काम झालं न?"

उषाताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. ग्लासाकडं पाहिलं. पंचवीस वर्षांत ही बाई हसताना मी दोनदा पाहिली आहे, ही तिसरी वेळ.

"कौसल्यामाय," त्या म्हणाल्या, "गुलाल आणा."

पाच मिनिटांत बाजूच्या दुकानातून गुलाल आला. मंडपातला हार, जो माझ्या गळ्यात होता, तो काढून घेण्यात आला. आणि पंचेचाळीस बाया पंचायत समितीच्या पायऱ्या चढल्या. 'मागणी मान्य करणाऱ्या साहेबांचा विजय असो' अशी घोषणा कौसल्यामाय द्यायची आणि बाया 'विजय असो' म्हणायच्या. आमच्या युनियनच्या जन्मापासून अधिकाऱ्याच्या विजयाची घोषणा पहिल्यांदाच होत होती. दोन बायांनी सवयीनं 'मुर्दाबाद' म्हटलं, पण लगेच सावरलं.

मी मागं होतो. माझी जागा तीच.

साहेब खुर्चीत बसून चहा घेत होते. कोणाला काही कळायच्या आत त्यांच्या गळ्यात हार आणि कपाळावर गुलाल.

"अहो, काय चाललंय? मी काय मान्य केलंय?"

"रेणुकाबाईले कामावर घेतलं न साहेब तुमी," कौसल्यामाय म्हणाली. "लेकरं दुवा देतील."

"मी असं कुठंही म्हटलेलं नाही."

"मंग रस कायले पाजला?"

"माणुसकी म्हणून पाजला हो. त्यांची तब्येत—"

"बरं," उषाताई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "माणुसकी म्हणून पाजला असेल तर उपोषण सुटलेलं नाही. मधुभाऊ, चला, बसा परत. आम्ही सगळ्यांना कळवतो की साहेबांच्या हस्ते उपोषण सुटल्याची बातमी खोटी आहे."

मी कौसल्यामायच्या मागं सरकलो. साहेबांनी चहाचा कप बशीत न ठेवता फाईलवर ठेवला.

आणि नेमका तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. साहेब ताडकन उभे राहून बोलू लागले, त्यावरून फोन यवतमाळहून, मोठ्या साहेबांचा, हे आम्हाला कळलं. खोलीत गुलालाशिवाय काही हलत नव्हतं.

"हो सर... धन्यवाद सर. हो, मीच मध्यस्थी केली... फोटो पाठवला तोच सर... मागणी? मागणी म्हणजे त्या स्वयंपाकी बाई... हो. हो, लेखीच. पत्राची प्रत?" इथं साहेबांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "पाठवतो सर. अर्ध्या तासात."

तेवढंच. फोन ठेवून त्यांनी गळ्यातला हार सरळ केला. मग बेल वाजवली आणि बाबूला म्हणाले, "टाइप करायला घ्या."

पत्र चार ओळींचं होतं. रेणुकाबाईंना पूर्ववत कामावर घ्यावे, उद्यापासून. साहेबांनी सही केली. उषाताईंनी पत्र माझ्या हातात दिलं. "मधुभाऊ, वाचा. मोठ्यानं. प्रत्येक शब्द."

मी वाचलं. दोनदा. तिसऱ्यांदा रेणुकाबाईंनी कागद माझ्या हातून घेतला आणि घडी करून पोलक्यात ठेवला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

मी म्हटलं, "रेणुकाबाई, माफ करा. माझ्यानं उपोषण झालं नाही."

"जाऊ द्या न भाऊ," त्या म्हणाल्या. "नाना बसले असते तं आठ दिस लागले असते. तुमची भूक कामी आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत गेल्या आणि चूल पेटवली. खिचडीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली एक शब्दही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मधुभाऊ, तुमचं तर नाव झालं. झालं ना. कसं झालं ते ऐका.

महिनाभरानं मी अंगणवाडीच्या एका निवेदनाची पोच घ्यायला त्याच ऑफिसात गेलो. टळटळीत दुपार, पायी आलेलो, जीभ टाळूला चिकटलेली. बाकावर बसलो. समोर गार पाण्याचा माठ. शिपाई तोच, ताटवाला. मी म्हटलं, "भाऊ, गिलासभर पाणी देतो काय?"

तो माठाकडं गेला नाही. आजूबाजूला पाहिलं, जवळ आला आणि कानाशी म्हणाला, "माफ करजा मधुभाऊ. साहेबाचा सक्त हुकूम हाय. या माणसाले ऑफिसात पाणीबी पाजाचं नाही. याच्या नरड्यात थेंब गेला, का काही ना काही मंजूर करा लागते."